फार गरीब आहे हो

आमच्या लोकांत माणसाला देता येईल असं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र म्हणजे ‘गरीब’. पैशाने गरीब नव्हे. तसे तर आमच्यातले बहुतेक होतेच, आणि त्याचं कौतुक कधी कोणी केलं नाही. गरीब म्हणजे जो उलटून बोलत नाही, मागत नाही, बसवलं तिथे बसतो. मुलगी पाहून आलेल्या बायका चपला काढता काढता सांगतात, ‘पोरगी फार गरीब आहे हो,’ आणि घरातले निम्मे लोक तिथेच होकार देऊन मोकळे होतात. मला हे प्रशस्तिपत्र कधीच मिळालं नाही. माझा आवाज माझ्या बापावर गेला. मी घरात कोणाला हाक मारली तर खालच्या मजल्यावरून घरमालकीणबाई ‘हाँ जी?’ म्हणून विचारतात. रेल्वेच्या ऑफिसात मला त्याचा फायदाच झाला. पुरुषांनी भरलेल्या त्या सेक्शनमध्ये बारीक आवाजाच्या बाईची फाइल सगळ्यात खाली राहते.

एकाच हिवाळ्यात माझ्या घरात दोन गरीब जीव आले. आधी आई, मग ससा. दोघांना एका ओळीत बसवलं म्हणून भावकीतल्या कोणाला राग आला तर येऊ द्या. मी दोघांशी वागले सारखीच, तर आता लिहायला लाजून काय फायदा?

आईला मी उचलून आणलं. हा शब्द मी तेव्हा अभिमानाने वापरत असे. भंडाऱ्याकडच्या आमच्या गावी वडील गेले आणि ती एकटी उरली. मी एकुलती एक. पुण्यानुमोदनाला गाव जमलं, वंदना झाली, लोक जेवून गेले, आणि तिसऱ्या दिवशी मी घराला कुलूप लावलं. शेळी शेजारणीला दिली. दोन पिशव्या भरल्या, एकीत तिची लुगडी आणि दुसरीत बुद्धाचा फोटो आणि पितळी तांब्या. तेव्हा अजून रेल्वेची छोटी लाइन, नॅरोगेज, होती. गोंदियावरून त्या गाडीत तिला खिडकीशी बसवलं आणि दिवसभराच्या प्रवासाने जबलपूरला आणून टाकलं. तुला यायचं आहे का, असं मी तिला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? एकटी म्हातारी, विहिरीचं पाणी, साप-विंचू. ती एवढंच म्हणाली, ‘तू म्हणशीन तसं, बाई.’ गावातल्या बायका म्हणाल्या की पोरगी पोराच्या वर निघाली. ऑफिसात मी पुढचे पंधरा दिवस ज्याला त्याला सांगत होते, आईला उचलून आणलं, एकदाची सुटले.

खरं म्हणजे आई गावात अजिबात गरीब नव्हती. हातपंपावर कोणी मध्येच कळशी घुसवली तर ती तिच्या सात पिढ्या काढायची. शेळीशी तर दिवसभर तोंड चालू. वडील घरात असले की मात्र गप्प. ते शेतावर निघाले की दाराशी उभी राहून म्हणायची, ‘गेला एकदाचा भोंगा,’ आणि पदर तोंडाला लावून हसायची. हे सगळं मी लहानपणी पाहिलेलं. जबलपुरात आमच्या चेरीतालच्या घरात ती आली आणि तिचं तोंड मिटलं. खाटेच्या भिंतीकडच्या टोकाला पाय वर घेऊन बसायची, हात मांडीवर. आमच्या दारावरची बेल चिमणीसारखी चिवचिवते, ती वाजली की तिची बोटं एकमेकांत घट्ट व्हायची, एवढंच. शेजारच्या आंटी म्हणाल्या, ‘माताजी तो बहुत सीधी हैं.’ मी खुशीत मान हलवली. नवऱ्याला म्हटलं, बघ, किती शांत झाली, बापाच्या जाचातून सुटली बिचारी. त्यालाही पटलं. आम्हा दोघांनाही पटायला वेळ लागला नाही, कारण घरात गप्प बसणारं माणूस कोणाला नको असतं?

ससा आला तो मुलीच्या वाढदिवसाला. ती पाचवीत होती. मराठी तिला सगळी समजायची, तोंडातून मात्र हिंदीच निघायची. नवरा फॅक्टरीत कामाला, मापाचा आणि काटेकोर माणूस. आधी गोहलपूरच्या एका वेल्डिंगवाल्याकडे चार संध्याकाळ उभं राहून त्याने पिंजरा करून घेतला. पिंजऱ्याचा तळ जाळीचा, म्हणजे लेंड्या खालच्या ट्रेमध्ये पडतील आणि ससा कोरडा राहील. खाली सरकणारा ट्रे, दाराला स्प्रिंग. येईल त्याला तो ट्रे काढून आणि आत सरकवून दाखवायचा. मग त्या पिंजऱ्यात ससा आणला. राखाडी रंगाचा, मुठीत मावेल एवढं डोकं, आणि एका कानाला जुनी चीर.

पहिल्या दिवसापासून तो गरीब. पिंजऱ्यात वरून हात घातला की कोपऱ्यात चिकटून बसायचा. उचलला की अंग सैल सोडून द्यायचा. मुलीला कोणीतरी शाळेत युक्ती सांगितली होती. मांडीवर त्याला उताणा करायचा आणि पोटावरून दोनदा हात फिरवायचा. मग तो चारही पाय वर करून निपचित पडायचा. ‘देखो, सो गया!’ मुलगी टाळ्या वाजवायची. त्याचे डोळे टक्क उघडे असायचे, पण झोपलेल्याचे डोळे उघडे कसे, असं आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. रविवारी पाहुणे आले की चहाआधी सशाचा कार्यक्रम. मी स्वतः मोबाइलवर फोटो काढलेत. ‘काहीच त्रास नाही बघा,’ मी सांगायची, ‘फार गरीब आहे हो.’

अशाच एका रविवारी आई खाटेवरून म्हणाली, ‘त्याले खाली ठेव, बेटा.’

‘आई, आवडतं त्याला,’ मी म्हटलं. ‘बघ ना कसा पडलाय.’

आई उठून आत गेली. ती पाहुण्यांसमोरून अशी उठून जाते याचा मला रागच आला, आणि ते गेल्यावर मी तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, ‘चुकलं, बाई.’

तो गरीब ससा एक गोष्ट मात्र गरीबासारखी करत नसे. कुकरची शिट्टी झाली की मागचा पाय जाळीवर आपटायचा, धप्प. नवरा म्हणायचा, ‘सलामी देऊन राहिला.’ आम्ही हसायचो. मग मुलगी मुद्दाम ताट वाजवून सलामी घ्यायला लागली.

तीनेक आठवड्यांनी ट्रेमधली घाण कमी झाली. सकाळी ट्रे काढून झाडायचं काम माझं, त्यामुळे मी आपली खूश. एके दिवशी ट्रे अगदी लख्ख निघाला. मी नवऱ्याला म्हटलं, ‘शहाणा झाला, आज काहीच केलं नाही.’ दुसऱ्या दिवशीही तसाच. मी डबे भरत होते, मिक्सर चालू होता आणि आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. ती काहीतरी म्हणाली. मी मिक्सर बंद न करता ‘काय?’ म्हणून ओरडले. ती पुन्हा म्हणाली, ‘लेंड्या नाहीत कालपासून. बकरीले असं झालं तं वाचत नाही.’

‘आई, मला उशीर होतोय. संध्याकाळी बघू.’

संध्याकाळी आले तर आई पिंजऱ्यासमोर जमिनीवर बसलेली. ससा पाठीचं कुबड काढून, डोळे अर्धे मिटून, दात कराकरा खात होता. पुढ्यातलं गाजर, बिस्किट, पाव, सगळं सकाळचं तसंच. मग मात्र धावपळ झाली. ऑटोत मुलगी रडत होती, नवरा पिंजरा मांडीवर घेऊन बसला होता आणि मी त्याला झापत होते की माल बघून का नाही घेतला.

जनावरांच्या दवाखान्यातला डॉक्टर पोरसवदा होता. काय होतंय म्हणून त्याने विचारलं. मी आपल्या हिंदीत सांगितलं, ‘पता नहीं जी. बहुत गरीब है. कुछ बोलता ही नहीं, जहाँ बैठाओ बैठा रहता है.’

त्याने मान वर केली. ‘गरीब? खरगोश गरीब?’

मुलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘मम्मी! हिंदी में गरीब मतलब जिसके पास पैसा नहीं होता.’

जन्मभर हिंदीत भांडून कामं करून घेणारी मी, पण घरचा शब्द असा भलत्या ठिकाणी निसटला. ‘मतलब सीधा,’ मी सावरून घेतलं. ‘सीधा-सादा है.’

डॉक्टरने सशाला टेबलावर टॉवेलमध्ये धरलं होतं. तो म्हणाला, ‘ये सीधा नहीं है, मैडम. डरा हुआ है.’

मग त्याने जे सांगितलं ते ऐकताना मला घरी जायची घाई झाली, एवढंच आठवतं. म्हणाला, या जनावराला सगळेच खातात. ओरडलं की सापडलं, म्हणून ते ओरडत नाही. दुखलं तरी दाखवत नाही. दाखवतं तेव्हा बहुतेक उशीर झालेला असतो. वरून हात आला की त्याला घार आली असंच वाटतं. उताणं केलं की आपण धरले गेलो, आता संपलं, असं समजून ते मेल्यासारखं पडतं. तुम्ही त्याला झोप म्हणता. मग त्याने सशाचा मागचा पंजा उलटा करून दाखवला. जाळीवर बसून बसून तळव्याचे केस गेले होते आणि खाली लाल मांस दिसत होतं. नवरा भिंतीवरचा कुत्र्यांच्या लसीचा तक्ता वाचू लागला.

इंजेक्शन झालं. सुई नसलेल्या पिचकारीने पातळ चारा भरवायचा होता, दर काही तासांनी. मी धरलं तर तो निसटायचा, नवऱ्याने धरलं तर सगळा चारा बाहेरच सांडायचा. आईने लुगडं खोचलं, जमिनीवर बसली, सशाला खालच्या खाली सरकवून दोन गुडघ्यांच्या मध्ये घेतलं आणि ओठांच्या बाजूने पिचकारी घातली. तिने त्याला उचललंच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्यात चार लेंड्या पडल्या, बारीक आणि वाकड्यातिकड्या. आम्ही चौघं वाकून त्या पाहत होतो.

पुढचं काम मी हातात घेतलं. डॉक्टरच्या सूचना कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवल्या. पाव, बिस्किट बंद, दूब म्हणजे हरळी आणि वाळलेलं गवत सुरू. दार सताड उघडं, जाळीवर गोणपाटाच्या दोन घड्या. नवऱ्याने सशाला लपायला एक पुठ्ठ्याचं खोकं आणलं आणि पट्टीने मापून त्याला दोन दारं कापली, कारण डॉक्टर म्हणाला होता की पळायला दुसरी वाट असली तरच ससा आत निवांत बसेल. मुलीला महिनाभर हात लावायची बंदी. आणि रोज घरातल्या एकाने अर्धा तास जमिनीवर बसायचं, त्याच्याकडे न बघता, पाठ किंवा कूस करून. बोलायचं तर हळू. यायचं की नाही ते तो ठरवेल.

हा अर्धा तास मी मस्टरवर सही करावी तशी बसायची. घड्याळाकडे डोळा. तो यायचा नाही. चौथ्या दिवशी माझा धीर सुटला. ‘अरे ये ना बाबा!’ मी म्हटलं. हळूच म्हटलं होतं, माझ्या हिशेबाने. धप्प, आणि तो खोक्यात. मी उठले, पायाला मुंग्या आलेल्या, आणि म्हटलं, ‘मरू दे, मला नाही जमत.’

दुसऱ्या दिवसापासून आई बसायला लागली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. मेथीची जुडी घ्यायची, भिंतीला टेकून आडवं तोंड करून बसायची आणि निवडत राहायची. काड्या एका बाजूला टाकायची, सशाच्या बाजूला. तिला कसलीच घाई नव्हती. पाच-सहा दिवसांनी काड्या कमी होऊ लागल्या. मग एके दिवशी त्याने तिच्या पायाचा अंगठा हुंगला आणि ती तशीच बसून राहिली. मुलगी धावत मला सांगायला आली. मला आनंद झाला असं लिहिलं तर खोटं होईल. मी सूचना लिहिल्या, चिकटवल्या, ऑफिस करून गवत आणलं, आणि तो गेला तिच्याकडे.

एका शनिवारी मी अर्ध्या दिवसाने घरी आले. किल्लीने दार उघडलं, त्यामुळे बेल वाजली नाही. आतल्या खोलीतून कोणीतरी बोलत होतं, एकसारखं आणि सावकाश. मला वाटलं गावाकडचं कोणी आलं. मी चपला हातात घेऊन दाराशी गेले. आई सशाशी बोलत होती. ससा तिच्या लुगड्याच्या काठावर पोट टेकून, पाय लांब करून पडला होता. चार महिन्यांत तिच्या तोंडून मी इतकी वाक्यं ऐकली नव्हती. आंबाडी वाळली असन म्हणाली, शेजारीण बकरीले पाणी वेळेवर पाजत नसन म्हणाली. मग म्हणाली, ‘तू काहून भेतं रे राजा? मी बी भेते. ते घंटी वाजली का पोटात गोळा येते. इथं कोणाचं बोलणं समजत नाही. पोरगी चांगली हाय माही, पन बापासारखी हाय. काई मांगाले गेलं तं रागावन असं वाटते. म्हणून मी हालतच नाही.’

त्या वेळी काय करायला हवं होतं ते फ्रिजवर लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात. हळू जा. खाली बस. समोरून बघू नको. मी दार ढकललं आणि माझ्या त्या आवाजात म्हणाले, ‘आई! अगं मग मला का नाही सांगितलं?’

ससा खोक्यात गेला. आईने मेथी आवरली, हात मांडीवर घेतले. ‘काई नाही, बाई. असंच बोलून राहिली होती.’

‘गावाला जायचं आहे का तुला? बोल. नेऊन सोडते.’

‘नाई, बाई. इथं बरं हाय.’

उभ्या बाईने बसलेल्या बाईला विचारलेला प्रश्न तो. हे उत्तर खरं नाही हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मी ते घेतलं, कारण ते सोयीचं होतं. ‘बघ हं, नंतर म्हणू नको,’ असंही वर म्हटलं आणि चहा टाकायला गेले. त्यानंतर आई सशाशी बोलताना मला कधी ऐकू आली नाही.

ससा बरा झाला. तळव्यांवर केस आले. मुलीने एक वही केली होती, तिच्यात मी रोज सकाळ-संध्याकाळ लिहायची: लेंड्या किती, गवत किती खाल्लं, पाणी किती प्यायला. एक दिवस चुकला नाही. शेजारच्या आंटी म्हणाल्या, ‘आप तो खरगोश की इतनी सेवा करती हैं.’ मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, की हे जनावर दुखणं लपवतं हो, खाण्यावर नजर ठेवावी लागते. मी हे सांगत होते तेव्हा आई पलीकडे खाटेवर बसली होती. तिच्यावर कोणाची नजर नव्हती. तिचं ताट रोज लख्ख यायचं. भाकरीचा तुकडा नाही, भाताचं शीत नाही. मला बरं वाटायचं की आई नीट जेवते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ती न्हाणीघरात बसली ती उठेना. अंगावरचं लुगडं सोडलं तेव्हा मला तिच्या बरगड्या दिसल्या. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं की पोटात कधीपासून दुखतं. आईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाली, ‘कालपासून.’ मला बाहेर बोलावून बाई म्हणाल्या की पोटातली गाठ कालची नाही, महिन्यांची आहे, आणि यांना खाणं जात नसणार बऱ्याच दिवसांपासून. मी भांडले. म्हटलं, ताट साफ असतं रोज, मी स्वतः घासायला टाकते. घरी येऊन कामवालीला विचारलं तेव्हा ती रडायलाच लागली. मी ऑफिसला गेले की आई तिच्या हातात पदरात बांधलेली भाकरी द्यायची, खाली रस्त्यावरच्या गाईला घालायला. ‘माताजी ने बताने को मना किया था, दीदी. बोलीं, बेटी नाराज होगी.’

ट्रे लख्ख, ताट लख्ख. मी दोन्ही वेळा खूश झालेली बाई.

शेवटच्या दिवसांत मी तिच्याजवळ जमिनीवर बसले, हळू बोलले, मला जमेल तेवढं. म्हटलं, आई, तुला गावी नेते, नक्की नेते. ती ‘हो बाई’ म्हणाली. मला खूश करायला म्हणाली की मनापासून, ते आता कोणी सांगू शकत नाही. गाडीत बसवण्यासारखी ती राहिली नव्हती. तीन आठवड्यांत ती गेली, कण्हल्याचा आवाजही न करता. नर्स म्हणाली की इतकं दुखणं असून अशी पेशंट पाहिली नाही.

पुण्यानुमोदन चेरीतालच्या घरीच केलं. खोलीतलं सामान हलवून सतरंज्या घातल्या. आमच्यातल्या सात-आठ बायका आल्या, फॅक्टरीच्या वसाहतीतल्या, रेल्वेतल्या. शेजारच्या आंटीही आल्या. वंदना झाली. मग बायका बोलायला लागल्या. फार गरीब होती बिचारी, एक म्हणाली. कोणाला शब्दाने दुखवलं नाही. दुसरी म्हणाली, जातानाही त्रास दिला नाही हो कोणाला. मी मान हलवत होते. त्या सगळ्यांच्या मध्ये बसून मलाही ते ऐकायला बरं वाटत होतं, हे मी आज कबूल करते.

मुलगी माझ्या शेजारी बसली होती. ती अचानक बोलली, तिच्या त्या मोडक्या मराठीत, पण सगळ्यांना ऐकू येईल असं. ‘नानी गरीब नव्हती. नानी डरी हुई होती.’ आणि माझ्याकडे बघून, ‘तुला.’

‘चूप बस!’

माझा आवाज खालपर्यंत गेला असणार. मुलगी भिंतीकडे सरकली. तिने पाय पोटाशी घेतले, हात मांडीवर ठेवले, बोटं एकमेकांत अडकवली. रडली नाही, उलटून बोलली नाही. डोळे टक्क उघडे.

समोरच्या बाईने तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. ‘पोरगी मात्र फार गरीब आहे हो,’ ती म्हणाली, ‘अगदी आजीवर गेली.’